लडाखच्या टायरांवर माझी सही

टायर कंपनीत होतो म्हटलं की लोकांना वाटतं, मी टायर विकायचो. सगळ्या नोकरीत मी एकही टायर विकला नाही. विकलेले टायर फुटून, फाटून, सोलवटून परत यायचे, ते माझ्याकडे. ते कशाने गेले हे ठरवणं एवढंच माझं काम. कारखान्याचा दोष निघाला तर गिऱ्हाइकाला भरपाई, नाहीतर नमस्कार. ह्याला आमच्यात ‘क्लेम’ म्हणतात. लखनौच्या आमच्या ऑफिसमागे एक पत्र्याची खोली होती. तिथे टॉर्च, टोचा, खाचांची खोली मोजायची पट्टी आणि रबराचा वास यांच्या सहवासात माझी वर्षं गेली. मी मूळचा कराडचा, पण टायरांपुरता लखनौचाच.

टायर खोटं बोलत नाही, हे या धंद्यातलं सुख. आतून हात फिरवला की कळतं. कमी हवेवर चालवला असेल तर आतल्या कापडाच्या थराला सुरकुत्या पडतात. जास्त माल लादला असेल तर कडेला चीर जाते. माणसं मात्र बोलतात. आणि लखनौची माणसं फार सुंदर बोलतात. एका ट्रकमालकांना सगळे हाजीसाहेब म्हणायचे. ते टायर कधी हमालाच्या डोक्यावरून आणायचे नाहीत, टांग्यातून आणायचे. वर स्वच्छ चादर. चादर हळूच बाजूला करून म्हणायचे, “साहब, मरहूम सिर्फ़ दो महीने के थे।” एकदा अशाच एका मरहूमाच्या, म्हणजे कैलासवासी टायराच्या, पोटातून मी घोड्याच्या नालेचा खिळा काढून त्यांच्या हातावर ठेवला. हाजीसाहेबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. म्हणाले, “तो क़ुसूर घोड़े का हुआ। आपको नाहक़ ज़हमत दी।” आणि चादर पुन्हा पांघरून टायर घेऊन गेले. भरपाई नाकारताना गिऱ्हाइकाला चहा पाजावासा वाटे, असं हे शहर.

पण लिहायचं आहे ते एका जिवंत टायराबद्दल. म्हणजे दोन.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आम्ही इंदिरा नगरला राहायचो आणि दोन गल्ल्या सोडून भागवत राहायचे. दिगंबर भागवत रेल्वेच्या कारखान्यात इंजिनिअर. अंगाने भरभक्कम, स्वभावाने त्याहून जड. शैलावहिनी शाळेत गणित शिकवायच्या आणि शाळेत स्कूटरवर जायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीला उत्तर भारताचा नकाशा चिकटवलेला होता. त्यावर मनाली ते लेह अशी लाल पेन्सिलीची रेघ. तो रस्ता सर्वसामान्यांना खुला झाला तेव्हाच वहिनींनी ती ओढली होती. मग एका वर्षी सासूबाईंचं आजारपण, एका वर्षी मुलाची बोर्डाची परीक्षा. फोडणीचे शिंतोडे उडून उडून लेहजवळ हळदीचा डाग पडला होता. त्या वर्षी मात्र सगळं जुळत होतं. मुलगा आत्याकडे पुण्याला, शाळेला सुट्टी, भागवतची रजा मंजूर आणि दारात त्याची साडेतीनशे सीसीची मोटारसायकल. पुढच्या वर्षी भागवतची बदली ठरलेली होती, आणि तिथे एवढी रजा मिळणार नव्हती. वहिनींनी सरळ सांगितलं होतं, “या जूनला नाही, तर मी तो नकाशा काढून टाकणार.”

एका रविवारी भागवत आला, चहा घेतला आणि म्हणाला, “पाटणकर, मला सर्टिफिकेट पाहिजे.”

“कसलं?”

“टायरचं. आमच्याकडे तपासनीसाची ‘फिट’ म्हणून सही झाल्याशिवाय मालगाडीचा डबासुद्धा यार्डाबाहेर जात नाही. मी बायकोला घेऊन अठरा हजार फुटांवर जाणार. इंजिन माझं मी बघतो. टायर कुठले घालायचे ते तू ठरव आणि खाली सही कर. सही नाही तर गाडी नाही.”

“अरे, टायरला कोणी सर्टिफिकेट देतं का?”

“तू रोज देतोस की.”

“मी मृत्यूचे दाखले देतो, भागवत!”

तो हसला नाही. रेल्वेची माणसं सहीच्या बाबतीत हसत नाहीत. तेव्हा वहिनींचं लडाख माझ्या सहीवर येऊन थांबलं, आणि मला कळेना की काय करावं. टायर का मेला हे मी झोपेत सांगितलं असतं. कुठला जगेल, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

त्या काळात ‘ॲडव्हेंचर’ मोटारसायकल, तिचे खास टायर, असली भानगड आपल्याकडे नव्हती. दोन-चार प्रकार मिळायचे. पण प्रश्न तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. डोंगरात जायचं म्हटलं की माणसाला मोठ्या मोठ्या ठोकळ्यांचा टायर हवासा वाटतो. लखनौत त्याला बटनवाला टायर म्हणत. दिसायला जबरदस्त. चिखलात तो ठोकळे रुतवून पकड घेतो, हे खरं. पण डांबरावर त्याचे फक्त ठोकळ्यांचे माथे टेकतात. ते डुलतात, तापतात आणि भराभर झिजतात. लखनौहून मनालीपर्यंत हजारभर किलोमीटर तापलेलं डांबर, तेही जूनमध्ये. म्हणजे ज्या चिखलासाठी टायर घेतला, तो येईपर्यंत टायरच संपायचा. उलट अगदी गुळगुळीत घेतला तर पहिल्याच ओढ्यात गाडी आडवी. मधलं काय, हे पुस्तकात नव्हतं. पुस्तकं ट्रकची होती.

तेव्हा आठवले दूधवाले. बाराबंकीच्या बाजूच्या गावांतून रोज सकाळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे डबे लटकवून ते फैजाबाद रोडने शहरात यायचे. दोन माणसांपेक्षा जास्त वजन, अर्धा रस्ता खड्ड्यांचा, आणि पडलं तर सगळं दूध रस्त्यावर. यांच्याइतकी टायरची काळजी कोणाला असणार? एका सकाळी मी ऑफिसचा शर्ट घालून, टॉर्च आणि पट्टी घेऊन ते जिथे थांबायचे त्या चौकात गेलो आणि पहिल्या गाडीशेजारी उकिडवा बसलो. मान वर केली तर दहा गाड्या धूर सोडत पळत होत्या. एकच जण उभा होता, रामसजीवन नावाचा, पन्नाशीचा, मिशीवाला.

“हमारा जाँच लीजिए साहब,” तो म्हणाला. “हम नहीं भागते। एक बूँद पानी नहीं है।”

“मैं दूध नहीं देख रहा। टायर देख रहा हूँ।”

“टायर में हम क्या मिलाएँगे साहब?”

मी सगळं समजावलं. तेव्हा त्याने हाक मारून पळालेल्यांना परत बोलावलं, आणि पुढचा तासभर मी आयुष्यातली सगळ्यात आनंदाची तपासणी केली. अकरा गाड्या. माणसं एकमेकांना ढकलत आपापला टायर पुढे करत होती. त्यांतल्या नऊ गाड्यांना एकच जोडी होती. पुढे उभ्या सरळ खाचांचा साधा टायर. तो आमच्या कंपनीचा. चाक सरळ ठेवणं हे पुढच्याचं काम, आणि या खाचा ते करतात. मागे बुटक्या, दाटीने बसवलेल्या ठोकळ्यांचा. दिसायला इतका मख्ख की कोणी फुकट दिला तरी घेणार नाही. आणि तो आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा.

“बटनवाला नहीं लगाते?” मी विचारलं.

“लगाया था एक बार,” रामसजीवन म्हणाला. “वो बरात का टायर है साहब। दुल्हन के दरवाज़े तक ठीक है।”

हे मी ऑफिसात चहा पिताना गंमत म्हणून सांगितलं. ती माझी पहिली चूक. आमचे रीजनल मॅनेजर चोप्रासाहेब यांना त्यातला ‘लडाख’ एवढाच शब्द ऐकू गेला. कंपनीने नुकताच एक नवीन बटनवाला टायर काढला होता. नाव ‘पर्वतराज’. हॉटेलात समारंभ होऊन त्याचं अनावरण झालं होतं. एका मखमली पडद्यामागून टायर बाहेर आला तेव्हा टाळ्याही झाल्या होत्या. टायरसाठी वाजलेल्या टाळ्या मी त्या एकदाच ऐकल्या. चोप्रासाहेबांनी भागवतला पर्वतराजची जोडी भेट दिली. निघायच्या सकाळी शोरूमसमोर झेंडा, बॅनर, फोटोग्राफर असा कार्यक्रम ठरला. “लखनऊ से लद्दाख, पर्वतराज के साथ!” चोप्रासाहेब हे वाक्य हवेत हात फिरवून म्हणायचे, जणू ते हवेत लिहिलेलं आहे.

भागवत खूश. “पाटणकर, तुझ्याच कंपनीचे आहेत. तू पास केलेस ना?”

“बघतो,” मी म्हणालो.

ही दुसरी चूक, आणि ही मोठी. मला माहीत होतं, आणि मी तीन दिवस ‘बघतो’ म्हणत राहिलो. माझं प्रमोशन चोप्रासाहेबांच्या टेबलावर होतं, हे कारण. दुसरं कारण नाही. वहिनी एकदा रस्त्यात भेटल्या. अमीनाबादच्या बाजारातून विंडचीटरचं कापड आणि गरम मोजे घेऊन रिक्षातून येत होत्या. रिक्षा थांबवून त्यांनी विचारलं, “भाऊजी, सही झाली का?” मी म्हणालो, “निघायच्या दिवशी करतो.” त्यांनी रिक्षा पुढे घ्यायला सांगितली. गणिताच्या बाईंना उत्तर न येणारा विद्यार्थी लांबून ओळखू येतो.

निघायची सकाळ. बॅनर, झेंडूच्या माळा, खुर्च्या. मोटारसायकल मध्यभागी, नव्या टायरांसकट चकाकत होती. इतकी चकाकत होती की मला शंका आली. शोरूममधले टायर चमकावेत म्हणून आमच्या धंद्यात ते काळ्या तेलकट पॉलिशने पुसतात. नीट करणारे फक्त बाजू पुसतात. इथे फोटोच्या उत्साहात कोणीतरी रस्त्याला टेकणारा भागसुद्धा मनापासून पुसून काढला होता. वास नाकात गेला तेव्हा मी गर्दीच्या मागे होतो आणि चोप्रासाहेब पुढे.

“फोटो में मैं पीछे बैठूँगा,” ते म्हणाले. “भागवत साहब, दस गज़ चलाइए। बस, बैनर के नीचे से।”

“सर, एक मिनट,” मी ओरडलो.

“पाटणकर, भाषण बाद में!”

भागवतने गिअर टाकला. गाडी चार गज सरळ गेली, पाचव्याला मागचं चाक रस्त्यावर पडलेल्या झेंडूंवर आलं आणि बाजूला निसटलं. वेग नव्हताच. भागवतने पाय टेकून गाडी हळूच आडवी केली. चोप्रासाहेब तेवढ्याच हळूच, दोन्ही हातांत झेंड्याची काठी धरून, माळांच्या ढिगात बसले. कोणालाच खरचटलं नाही. फोटोग्राफरने आयुष्यातला सर्वोत्तम फोटो काढला, जो कुठेही छापून आला नाही.

मी धावत जाऊन पॉलिशचं सांगितलं. दोघा-तिघांनी फडकी आणली. पण भागवत गाडी उभी करून तिच्यापासून दोन पावलं लांब झाला होता. चेहरा पांढरा. “नको,” तो मराठीत म्हणाला. “शैला, राहू दे. सपाट रस्त्यावर ही गत, तर वर काय? रजा रद्द करतो मी.”

वहिनी फुटपाथवर उभ्या होत्या. अंगात घरी शिवलेला निळा विंडचीटर, जूनच्या लखनौत, पाठीवर पिशवी. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. गर्दीतून सरळ माझ्यापुढे आल्या.

“भाऊजी, पॉलिश पुसलं की झालं? या टायरांवर तुम्ही सही करता?”

चोप्रासाहेब अंगावरचे झेंडू झटकत होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण सगळं कळत होतं.

“नाही,” मी म्हणालो. “यांच्यावर नाही.”

“मग कुठल्या टायरांवर करता?”

मी सांगितलं. पुढचा आमचा, साधा. मागचा त्यांचा, मख्ख. आणि हेही सांगितलं की दोन-तीन ठिकाणी पाण्यात, चिखलात हा टायर हरणार आहे, तिथे उतरून ढकलावं लागेल. सगळीकडे जिंकणारा टायर अजून कोणी बनवलेला नाही.

“ढकलायला मी आहे की,” वहिनी म्हणाल्या. “यांना विचारा, आता चालेल का.”

भागवत माझ्याकडे बघत होता. “लिहून देशील?”

“देतो.”

“ये सब क्या हो रहा है, पाटणकर?” चोप्रासाहेबांनी विचारलं.

“सर, पिछला टायर बदलने जा रहे हैं।”

“किस से?”

मी त्या कंपनीचं नाव घेतलं. मग मी कंपनीचं नाव छातीवर लिहिलेला शर्ट घालून, चाक खांद्यावर घेऊन, दोन गल्ल्या पलीकडे प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात गेलो. तिथला मालक मला ओळखत होता. त्याने माझा शर्ट वाचला, माझा चेहरा वाचला, आणि अत्यंत अदबीने एवढंच विचारलं, “साहब, तबीयत तो ठीक है?”

नवी ट्यूब घातली, आत पावडर भुरभुरवली, पुढचा आमच्या गोदामातून आणला. नवा टायर जरा निसरडाच असतो, तेव्हा पहिले शंभर किलोमीटर सावकाश जा, असं बजावलं. मग एका कागदावर लिहिलं: ‘पुढचा फिट. मागचा फिट. चिखलात ढकलावे लागेल.’ खाली सही. भागवतने तो कागद दोनदा वाचून घडी घालून खिशात ठेवला आणि मगच किक मारली. अकरा वाजता दोघं निघाली. बॅनर तोवर काढून नेला होता. वहिनींनी मागे वळून हात केला तो मात्र कोपऱ्यापर्यंत हलत होता.

मला अर्थातच खुलासा मागणारं पत्र आलं. ‘कंपनीच्या गणवेशात प्रतिस्पर्ध्याच्या मालाची शिफारस’ असा विषय होता. मी उत्तर लिहिलं की अर्धी शिफारस आपल्याही मालाची होती. ह्या उत्तराने प्रमोशन आणखी लांबलं. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलं. त्याहून जास्त वाईट वाटतं ते त्या तीन दिवसांचं. आणि खरं सांगायचं तर पर्वतराज लखनौत धडाक्याने खपला, लग्नाच्या मोसमात तर पुरेना. विक्रीतलं चोप्रासाहेबांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तेव्हा खिशात फोन नव्हते. त्या वीस-बावीस दिवसांत मनालीहून एकच कार्ड आलं, ‘सुखरूप, उद्या वर’, आणि मग काही नाही. मी रोज पत्र्याच्या खोलीत फुटके टायर हातात घ्यायचो आणि प्रत्येकात मला तो मागचा दिसायचा. बायको म्हणाली, “एवढी धास्ती होती तर सही कशाला केलीत?” ज्या सहीची भीती वाटत नाही तिला काय अर्थ, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

एका संध्याकाळी खाली गाडीचा आवाज आला. जिना उतरून जाईपर्यंत दोघं दारातच. चेहरे भाजलेले, नाकाची सालं निघालेली. आणि भागवतच्या उजव्या मनगटाला जाडजूड पट्टी.

त्यांच्या पाठीमागे उभ्या गाडीकडे बघत मी विचारलं, “मागचा गेला?”

“टायरला काय धाड भरलीय,” भागवत म्हणाला. “मी गेलो. परतताना ओढ्यात गाडी ढकलत होतो, पाय सटकला, दगडावर हात आपटला. आधी पोळी-भाजी दे, मग विचार.”

जेवायला बसल्यावर वहिनी सांगायला लागल्या. लेह पाहिलं. वरच्या खिंडीत बर्फ, तंबूतला चहा, पाण्याच्या रंगाचं तर त्यांना वर्णनच करता येईना. तीन ठिकाणी ढकलावं लागलं, अगदी मी सांगितलं तसं. पंक्चर एकच, तेही मुरादाबादजवळ.

“पण एक मिनिट,” मी म्हणालो. “ह्याचं मनगट परतताना ओढ्यात दुखावलं. म्हणजे डोंगरातच. मग तिथून गाडी कोणी आणली?”

भागवतने पाण्याचा तांब्या पुढे ओढला. मग वहिनी म्हणाल्या, “शाळेच्या मैदानावर शिकत होते मी. दोन महिने, रोज सकाळी. यांनीच शिकवलं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही सही केली नसती.”

“वहिनी, ती साडेतीनशेची गाडी!”

“वजन जास्त आहे, बाकी काही नाही. बरं, मला एक सांगा. मी हलकी, हे जड. हे मागे बसले म्हणजे मागच्या चाकावरचा भार वाढला. म्हणून मी मागे चार पौंड हवा वाढवली. पुढची तशीच ठेवली. बरोबर की चूक?”

मी हातातला घास ताटात ठेवला. ट्रकमालकांना हे समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली होती.

“बरोबर,” मी म्हणालो. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी सांगायला कशाला पाहिजे?”

भागवत डाव्या हाताने भाजी वाढून घेत होता. मला त्याची दया आली. म्हटलं, “जाऊ दे रे. मनालीत डॉक्टरने बघितलं असेल. चार दिवस विश्रांती घेऊन मनगट जरा सावरलं असेल. पुढे लखनौपर्यंत तरी तुला चालवायला मिळाली ना?”

त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा ताटाकडे.

“मागितली होती,” भागवत म्हणाला.